सीएनसी कार्व्हिंग मशीनवर जॉब तिरका, सरकलेला किंवा मापात चुकलेला येत असेल तर: दोष शोधण्याचा क्रम

नक्षी फळीच्या बरोबर मध्यावर यायला हवी होती, ती ३ मिमी डावीकडे आली. चौकट एका टोकाला कडेपासून १० मिमीवर आहे आणि दुसऱ्या टोकाला ८ वर. पहिल्या टूलचं काम छान झालं, दुसऱ्या टूलनं कडेची रेघ खाल्ली. नवीन माणूस अशा वेळी थेट कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये शिरतो, दोन-तीन आकडे बदलतो आणि एका दोषाचे दोन दोष करून ठेवतो.

जॉब (कोरायची फळी) चुकीच्या जागी कोरला जाण्याची कारणं चारच ठिकाणी असतात: जॉबची पकड, शून्य (मोजणी जिथून सुरू होते तो बिंदू), फाइल आणि मशीन. तपासणी याच क्रमानं करा, कारण पहिल्या तिन्हींना पाना लावावा लागत नाही आणि नवख्यांचे बहुतेक घोटाळे तिथेच सापडतात. चौथ्यापर्यंत पोहोचलात, तर तिथेही एक नियम पाळा: यांत्रिक दोष सॉफ्टवेअरच्या आकड्याखाली झाकू नका. सैल कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा भाग) घट्ट करायचं असतं, त्याची भरपाई स्टेप्समध्ये (एक मिलिमीटर सरकायला मोटरला लागणाऱ्या पायऱ्यांच्या आकड्यात) करायची नसते.

हाताशी काय हवं

- ०.०१ मिमीचा डायल इंडिकेटर आणि त्याचा स्टँड. बेड ॲल्युमिनियमचा किंवा एमडीएफचा असेल तर चुंबकी बेस चिकटत नाही. अशा वेळी खाली लोखंडी पट्टी स्क्रूनं बसवा.
- १५० मिमीचा व्हर्निअर आणि किमान ६०० मिमीची पोलादी पट्टी. मापनाची टेप इथे चालत नाही, तिचा हूक हलता असतो.
- खात्रीचा गुण्या आणि फीलर गेज.
- ६ मिमी व्यासाची सरळ, गोल पोलादी पिन. कॉलेटमध्ये (बिट पकडणाऱ्या चिमट्यात) बसणारी डॉवेल पिन किंवा तुटलेल्या बिटची शँक (मागचा गोल दांडा) चालते, टोक मात्र घासून सपाट करा.
- ६० किंवा ९० अंशांचा व्ही-बिट.
- चाचणीसाठी सपाट एमडीएफचा तुकडा, साधारण ४५० × ३५० मिमी.
- मार्कर पेन, मास्किंग टेप, ॲलन की संच, कॉलेटचे पाने.

मोजमाप करताना स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) बंद हवा, तोही सॉफ्टवेअरमधून नव्हे, त्याच्या स्वतःच्या स्विचवरून. डायल लावून जॉग करताना (बटणानं अक्ष सरकवताना) फीड (सरकण्याचा वेग) कमी ठेवा आणि एक हात इमर्जन्सी स्टॉपजवळ ठेवा.

## १. चूक कशी दिसते ते आधी नीट ठरवा

काही दुरुस्त करण्याआधी बिघडलेला जॉब मोजा. बेडवरून काढू नका, जागेवरच मोजा. चुकीचा आकार बघूनच बरंच कळतं.

सगळी नक्षी एकाच अंतरानं सरकली आहे आणि आतली मापं बरोबर आहेत? मग शून्य चुकलं आहे किंवा फाइलचा उगमबिंदू वेगळा आहे. नक्षी स्वतः चौरस आहे, पण फळीच्या कडेशी तिरकी आहे? जॉब तिरका बसलाय. नक्षीच समांतरभुज झाली आहे, काटकोन मोडला आहे? गँट्री (स्पिंडल वाहून नेणारी आडवी तुळई) गुण्यात नाही. लांबी जितकी जास्त तितकी चूक मोठी होत जाते? स्टेप्स प्रति मिलिमीटर चुकले आहेत. सुरुवातीचं काम बरोबर आणि एका ठिकाणापासून पुढचं सगळं सरकलेलं? स्टेप सुटल्या किंवा जॉब हलला. एका कोपऱ्यात अक्षरं जाड आणि समोरच्या कोपऱ्यात बारीक? तो उंचीचा प्रश्न आहे, एक्स-वायचा नाही.

अंदाज बांधता येत नसेल, तर एक चाचणी कोरा. एमडीएफचा तुकडा बेडला स्क्रूनं पक्का करा. कडा कशाही असू द्या, इथे त्यांचा संबंध नाही. व्ही-बिटनं ०.३ मिमी खोलीची ही फाइल चालवा:

- ४०० × ३०० मिमी आयताच्या चार कोपऱ्यांवर चार टिंबं
- मधोमध १०० मिमी व्यासाचं वर्तुळ
- शेवटी पहिल्या टिंबावर परत येऊन तिथेच दुसरं टिंब

बाजू मोजल्या की स्टेप्स कळतात. कर्ण मोजले की काटकोन कळतो, दोन्ही कर्ण ५०० मिमी यायला हवेत. वर्तुळावर घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी बारीक पायरी किंवा चपटेपणा असेल तर बॅकलॅश (दिशा उलटताना जाणवणारा ढिला खेळ) आहे, कारण तिथेच एकेक अक्ष दिशा उलटवतो. शेवटचं टिंब पहिल्याच्या बाहेर पडलं तर स्टेप सुटत आहेत. मशीन लहान असेल तर २०० × १५० घ्या, कर्ण २५० येईल.

ही चाचणी स्वच्छ आली तर मशीनला हात लावू नका. दोष पकड, शून्य किंवा फाइल यांत आहे.

## २. जॉब आणि त्याची पकड

पहिली गोष्ट म्हणजे जॉबची कडच सरळ आहे का. करवतीनं कापलेल्या फळीची कड बऱ्याचदा धनुष्यासारखी असते. पोलादी पट्टी कडेला लावून उजेडाकडे धरा. मध्ये फट दिसली, तर त्या कडेवरून केलेली कोणतीही जुळवणी फसवी ठरेल. अशा वेळी जॉब थोडा मोठा घ्या, नक्षी कोरून झाल्यावर बाहेरची कड मशीनवरच कापा. कड आणि नक्षी एकाच बसवणीत झाल्या की तिरकेपणाचा प्रश्नच मिटतो. शक्य असेल तिथे हाच मार्ग धरा.

कड आधीच तयार असेल तर आधारपट्टी लागते. ती गुण्या लावून बसवण्यात वेळ घालवू नका, मशीनकडूनच कापून घ्या. एमडीएफची किंवा प्लायची पट्टी बेडवरच्या स्पॉइलबोर्डला (कापला गेला तरी चालेल अशा फळीला) स्क्रूनं बसवा. ६ मिमीच्या सरळ बिटनं वाय अक्षाच्या दिशेनं तिची आतली कड १ मिमी छाटा. आता ती कड वाय अक्षाला समांतर आहे, मग पट्टी हातानं बसवताना कितीही तिरकी बसलेली असो. जॉब त्या कडेला टेकवा. दुसऱ्या दिशेला पूर्ण पट्टी लावू नका, एकच पिन लावा. फळीचा कोपरा पक्क्या ९० अंशांचा नसेल तर दोन पट्ट्यांमध्ये ती कधी हिला टेकते, कधी तिला, आणि प्रत्येक जॉब वेगळा बसतो. लांब कडेला दोन टेकण, आखूड कडेला एक, इतकं पुरतं.

पट्टी आणि बेड यांच्या कोनात भुसा साठतो आणि जॉब अर्धा मिलिमीटर दूर राहतो. पट्टीच्या खालच्या कडेला २-३ मिमीची खाच घ्या म्हणजे भुशाला जागा मिळेल. तरीही प्रत्येक जॉब ठेवण्याआधी तिथे ब्रश फिरवा.

तिरकेपणा मोजायचा असेल, तर डायल स्पिंडलच्या धारकाला बांधा, टोक जॉबच्या कडेला टेकवा, एका टोकाला शून्य करा आणि वाय अक्षानं ४०० मिमी जॉग करा. काटा ०.८ मिमी सरकला तर जॉब ४०० ला ०.८ तिरका आहे, म्हणजे साधारण ०.११ अंश. लांबचं टोक हलकेच ठोकत काटा परत आणा, मग पहिल्या टोकाला पुन्हा तपासा. ठोकताना पहिलं टोकही थोडं हलतंच, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या लागतात. ४०० मिमीत ०.२ मिमीच्या आत आलं की कोरीव कामाला पुरे. कडेला समांतर बारीक चौकट असेल तर मात्र आणखी कसा, कारण कडेपासून बदलत जाणारं अंतर डोळा लगेच पकडतो.

काही कंट्रोलर जी ६८ या कोडनं सगळा टूलपाथच (टूलचा मार्ग) फिरवू देतात. जीआरबीएल या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नाही. सोय असली तरी ती फक्त बेडवर न हलवता येणाऱ्या जड जॉबसाठी वापरा. काम संपल्यावर जी ६९ देऊन ती रद्द करायची विसरलात, तर पुढचा जॉब सरळ बसवूनही तिरका कोरला जाईल.

क्लॅम्प कसताना जॉब सरकतो. हा सगळ्यात जास्त फसवणारा सापळा आहे. जुळवणी करून झाली, काटा स्थिर होता, मग क्लॅम्प आवळले आणि जॉब अर्धा मिमी फिरला. म्हणून क्लॅम्प आधी हलके धरा, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्या आणि पूर्ण कसल्यावर डायल पुन्हा फिरवून बघा. क्लॅम्पची मागची बाजू जॉबपेक्षा किंचित उंच हवी. ती खाली असेल तर क्लॅम्प फक्त कडेवर दाबतो आणि जॉबला बाहेर ढकलतो. कॅमसारखे बाजूनं दाबणारे क्लॅम्प पातळ फळी मधून उचलतात. पातळ जॉबसाठी मास्किंग टेपची पद्धत चांगली: जॉबच्या खाली टेप, बेडवर टेप, आणि दोन टेपच्या पाठी सुपरग्लूनं जोडायच्या. पकड सपाट मिळते, बाजूचा जोर पडत नाही.

फळी वाकलेली असेल तर ती दाबून सपाट करू नका. दाबलेली फळी क्लॅम्प सोडताच पुन्हा वाकते आणि सपाट कोरलेला तळ तिच्यासोबत वळतो. खाली जिथे फट आहे तिथे कार्डाचे तुकडे सरकवून फट भरा, मग पकडा. खूप माल काढायचा असेल तर रफिंगनंतर (पहिल्या जाडसर कापणीनंतर) लाकडातला ताण सुटतो आणि फळी हलते. त्यामुळे रफिंग झाल्यावर क्लॅम्प सैल करून पुन्हा धरणं आणि झेड नव्यानं घेणं फायद्याचं ठरतं.

## ३. शून्य

मशीनचं स्वतःचं शून्य आणि जॉबचं शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होमिंग केल्यावर, म्हणजे अक्ष टोकाच्या लिमिट स्विचपर्यंत नेल्यावर, मिळतं ते मशीनचं शून्य. जॉबचं शून्य म्हणजे त्यापासूनचं अंतर, जे कंट्रोलर जी ५४ मध्ये साठवतो. जी ५५ ते जी ५९ अशी आणखी पाच घरं असतात. वीज गेल्यावरही जी ५४ चा आकडा बहुतेक कंट्रोलरमध्ये टिकतो, पण पुन्हा होमिंग न करता तो वापरला तर त्याला अर्थ उरत नाही, कारण तो ज्या बिंदूपासून मोजला होता तो बिंदूच मशीनला माहीत नसतो. तेव्हा चालू केल्यावर पहिलं काम होमिंग. लिमिट स्विच नसतील तर वीज गेली की शून्य गेलं असंच धरा.

कडेवरून शून्य घेणं. ६ मिमीची पिन कॉलेटमध्ये लावा. डाव्या कडेला बाहेरून टेकवा. पिनचा मध्य आता कडेपासून ३ मिमी डावीकडे आहे, म्हणून त्या जागी एक्स शून्य लिहायचं नाही, उणे ३ लिहायचं. मध्ये कागदाची पट्टी धरली असेल तर साध्या ८० जीएसएम कागदाचे ०.१ मिमी मिळवून उणे ३.१. पुढच्या कडेला वाय साठी तसंच. सगळी नक्षी बरोबर ३ मिमीनं, म्हणजे टूलच्या त्रिज्येइतकी सरकली असेल, तर चूक इथेच आहे असं समजा.

मध्यावर शून्य घेणं. डावी कड टेकवा, एक्सचा आकडा लिहून घ्या. उजवी कड टेकवा, आकडा लिहा. दोघांच्या बरोबर मध्ये जाऊन शून्य करा. या पद्धतीत पिनचा व्यास आणि कागदाची जाडी आपोआप रद्द होते. मोजायला, वजा करायला काहीच उरत नाही, म्हणून नवख्यांनी मध्यशून्यच वापरावं. फक्त दोन्ही कडा समांतर आहेत ना, ते दोन ठिकाणी मोजून बघा.

व्ही-बिटचं टोक पेन्सिलच्या फुलीवर आणून नुसत्या डोळ्यानं शून्य घेतलं तर पाव मिलिमीटर इकडे-तिकडे होणारच. एकाच टूलच्या कामाला चालेल, दोन टूलच्या कामाला नाही.

टच प्लेट (टूल टेकलं की कंट्रोलरला कळवणारी धातूची प्लेट). प्लेटची जाडी पाकिटावर लिहिलेली घेऊ नका, व्हर्निअरनं मोजा आणि तीच सॉफ्टवेअरमध्ये भरा. कोपऱ्यावर बसणाऱ्या प्लेटनं एक्स-वाय घेत असाल तर तीन गोष्टी पाळा. व्ही-बिट वापरू नका, कारण प्लेटला तो कुठल्या उंचीवर लागतो त्यावर त्याचा व्यास बदलतो. दोन धारांचा बिट वापरत असाल तर धार प्लेटकडे वळवा, नाहीतर धारांमधली खोलगट बाजू लागून माप कमी येतं. आणि प्लेट जॉबच्या कोपऱ्यावर बसते तिथे ढलपी किंवा फुटलेली कड नको. सगळ्यात सोपं म्हणजे इथेही तीच गोल पिन लावा. शून्य झाल्यावर क्लिप आणि प्लेट काढल्याशिवाय स्पिंडल चालू करायचा नाही.

झेड. टूल बदललं की फक्त झेड नव्यानं घ्यायचा, एक्स-वायला हात लावायचा नाही. बरेच सॉफ्टवेअर 'सगळे अक्ष शून्य करा' असं मोठं बटण देतात. दुसऱ्या टूलच्या वेळी ते दाबलं गेलं तर पहिलं टूल कुठे होतं याचा पत्ता हरवतो. झेड नेहमी त्याच जागी घ्या, नाहीतर फळीचा चढउतार टूलांमधला फरक म्हणून दिसतो.

व्ही-कार्व्हिंगमध्ये उंचीची चूक रुंदीत दिसते. ९० अंशांच्या बिटनं रेघेची रुंदी खोलीच्या दुप्पट असते, म्हणजे ०.३ मिमी उंचीची चूक ०.६ मिमी रुंदीची होते. ६० अंशांच्या बिटला तीच चूक साधारण ०.३५ मिमीची. मोठ्या पृष्ठभागावर अक्षरं कोरायची असतील तर वरचा भाग मशीनवरच एकदा सपाट करून घ्या, किंवा प्रोबनं (टेकून उंची मोजणाऱ्या साधनानं) उंचीचा नकाशा घ्या. कँडल आणि बीसीएनसी या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे.

शेवटचा एक घोटाळा जी ९२ चा. या कोडनं दिलेलं शून्य जी ५४ च्या वर आणखी एक थर चढवतं. स्क्रीनवरचा आकडा बरोबर दिसतो, पण पुढचा जॉब जी ५४ नव्यानं घेऊनही सरकलेला येतो. जी ९२.१ देऊन तो थर काढा आणि पुढे जी ९२ वापरूच नका.

## ४. फाइल

कॅममध्ये (टूलपाथची फाइल काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उगमबिंदू डाव्या-पुढच्या कोपऱ्यावर आहे आणि तुम्ही मशीनवर मध्य घेतलात, तर नक्षी अर्ध्या फळीनं सरकेल. ही चूक मोठी असते म्हणून लगेच कळते. धोका दुसऱ्याच चुकीचा जास्त आहे: रफिंगची फाइल एका दिवशी निघाली, फिनिशिंगची नंतर, आणि मध्ये कुणीतरी स्टॉकचं (फळीचं) माप १८ वरून १७.६ केलं किंवा लांबी २ मिमीनं वाढवली. उगमबिंदू मध्यावर असेल तर तो १ मिमीनं सरकला. म्हणून एका जॉबच्या सगळ्या फाइली एकाच वेळी, एकाच सेटअपमधून काढा.

फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या दहा ओळी वाचायची सवय लावा. जी २१ म्हणजे मिलिमीटर, जी २० म्हणजे इंच. नक्षी २५.४ पट लहान किंवा मोठी आली तर गोंधळ इथला आहे. जी ९० (सगळी मापं शून्यापासून मोजणारा कोड) आहे का, जी ५४ आहे का, ते बघा. झेडचं शून्य जॉबच्या वर धरलंय की बेडवर, तेही कॅममध्ये पाहून घ्या. बेड धरला असेल आणि तुम्ही वरच्या पृष्ठभागावर शून्य केलंत, तर टूल हवेत फिरेल. उलट झालं तर पहिल्याच उतरणीत ते जॉबमध्ये घुसेल.

टूलचा व्यास ६ मिमी लिहिला आणि कॉलेटमध्ये पाव इंची, म्हणजे ६.३५ चा बिट असेल, तर प्रत्येक कडेला ०.१७५ मिमी जास्त कापलं जातं. खाचेत बसणारे तुकडे ढिले होतात आणि दोष मशीनवर जातो.

कोरण्याआधी झेड १० मिमी वर ठेवून नक्षीची बाह्यचौकट हवेत फिरवा. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरला ते बटण असतं. चारही कोपरे जॉबच्या आत आणि क्लॅम्पच्या बाहेर पडतात का, ते बघा.

## ५. मशीन

चाचणीत मशीन दोषी ठरलं असेल तरच इथे या, आणि पुढचा क्रम मोडू नका. आधी सैल भाग, मग काटकोन, मग स्पिंडलचा ओळंबा आणि स्टेप्स सगळ्यात शेवटी. सैल मशीनवर घेतलेली मापं निरर्थक असतात.

सैल भाग आणि बॅकलॅश. अक्षांच्या मोटर चालू ठेवून, म्हणजे त्या जागेवर धरून असताना, बंद स्पिंडलला हातानं चारी बाजूंनी ढकला. ठक असा खेळ जाणवला तर व्ही-व्हील, रेलचा ब्लॉक, कपलिंग यांतलं काहीतरी सैल आहे. मोटरचा शाफ्ट आणि कपलिंग यांवर मिळून मार्करनं एक सरळ रेघ ओढा, जॉबनंतर रेघ तुटलेली दिसली तर ग्रब स्क्रू (कपलिंग शाफ्टवर कसणारा छोटा स्क्रू) घसरतोय. खेळ मोजायला डायल लावा, एकाच दिशेनं ५ मिमी जा, काटा शून्य करा, त्याच दिशेनं १ मिमी पुढे जा आणि १ मिमी मागे या. काटा ०.१२ वर थांबला तर बॅकलॅश ०.१२ मिमी. नट कसा किंवा बदला. कंट्रोलरमधली बॅकलॅश भरपाई हा शेवटचा उपाय आहे, कारण कापताना बिटचा जोर त्या खेळात अक्षाला कुठेही ढकलू शकतो.

काटकोन. चाचणीतल्या दोन कर्णांमध्ये १ मिमी फरक असेल, तर ४०० मिमी लांबीत गँट्री साधारण ०.८३ मिमी तिरकी आहे. दोन बाजूंना दोन मोटर असलेल्या मशीनवर वीज बंद असताना एखादी बाजू हातानं ढकलली गेली, तरी हे होतं. वीज बंद करा, गँट्री दोन्ही बाजूंच्या ठोकळ्यांना टेकवा आणि टेकवूनच मोटर चालू करा. टेकलेल्या स्थितीतच कर्ण चुकत असतील तर एका बाजूच्या ठोकळ्याखाली पातळ पत्रा घाला किंवा तो मागे घ्या, आणि चाचणी पुन्हा कोरा. दोन्ही बाजूंना स्वतंत्र लिमिट स्विच असतील तर एक स्विच तेवढा सरकवा.

स्पिंडलचा ओळंबा. डायल स्पिंडलच्या कॉलेटमध्ये आडव्या दांडीवर बांधा, केंद्रापासून १०० मिमी. स्पिंडल हातानं फिरवून डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे वाचन घ्या. २०० मिमी अंतरावर ०.०५ मिमीच्या आत आलं की ठीक. फरक ०.४ मिमी असेल तर २५ मिमीच्या सरफेसिंग बिटच्या दोन पट्ट्यांमध्ये साधारण ०.०५ मिमीची पायरी येते आणि ती नखाला लागते. वाय दिशेच्या पट्ट्यांमध्ये पायरी आली तर स्पिंडल डावी-उजवीकडे कललाय, एक्स दिशेच्या पट्ट्यांमध्ये आली तर पुढे-मागे. याचा जुळणीशी थेट संबंध आहे: तेवढाच कल असताना दुसरं टूल पहिल्यापेक्षा ३० मिमी लांब बसवलं तर त्याचं टोक ०.०६ मिमी बाजूला पडतं. स्पिंडलच्या माउंटखाली शिम (पातळ पत्रा) घालून कल काढा. स्पॉइलबोर्ड त्यानंतरच सपाट करा, ०.५ मिमीच्या पासनं. आधी बोर्ड सपाट करून घेतलात तर ते काम दुसऱ्यांदा करावं लागेल. एमडीएफ दमट हवेत फुगतो, म्हणून पावसाळ्याच्या आगेमागे बोर्ड पुन्हा तपासा.

कॉलेट. ६ मिमीच्या बिटनं खाच ६.२ ची आली तर बिट डोलतोय. कॉलेट काढा, आतला डिंक आणि भुसा पुसा, नट साफ करा. बिट तळापर्यंत ढकलू नका, किंचित वर घेऊन कसा.

स्टेप्स. स्क्रू असलेल्या अक्षाचा आकडा हिशोबानं येतो: २०० स्टेपची मोटर, ८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे ८ भाग), ५ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा) स्क्रू म्हणजे २०० × ८ ÷ ५ = ३२०. हिशोबाचा आकडा आणि माप यांत मोठा फरक पडला तर मायक्रोस्टेपचे स्विच बघा. बेल्टच्या अक्षाला मात्र मापून सुधारणा लागते. नवा आकडा = जुना × सांगितलेलं अंतर ÷ प्रत्यक्ष अंतर. ८० स्टेप्स असताना ५०० सांगितले आणि ४९८.५ भरले, तर ८० × ५०० ÷ ४९८.५ = ८०.२४. जितकं लांब अंतर मोजाल तितकी चूक कमी. दोन्ही टोकांना एकाच दिशेनं पोहोचा, नाहीतर बॅकलॅश मापात मिसळतो. जीआरबीएलमध्ये हे आकडे सेटिंग १००, १०१ आणि १०२ मध्ये असतात. बदलण्याआधी जुने लिहून ठेवा.

## ६. काम चालू असताना नक्षी सरकते

आधी जॉब सरकला की अक्ष, ते ठरवा. जॉबच्या कडेलगत बेडवर पेन्सिलनं रेघ मारून ठेवलेली असेल तर एका नजरेत कळतं. जॉब जागेवर असेल तर कारण शोधायची दिशा अशी: तीच फाइल अर्ध्या फीडनं आणि कमी ॲक्सलरेशननं चालवा. सरकणं थांबलं तर मोटरला ओझं झेपत नव्हतं. बिट बोथट, पास खोल, रेलवर भुसा, स्क्रू कोरडा, यांपैकी काहीतरी. थांबलं नाही तर पुन्हा ग्रब स्क्रूकडे जा. भुसा ओढणारा होज किंवा वायरचा गठ्ठा कुठे अडकून गँट्रीला ओढतो का, तेही बघा.

बराच वेळ नीट चालून मग सरकत असेल तर ड्रायव्हर (अक्षाच्या मोटरला वीज देणारं सर्किट) तापतोय, पंखा आणि करंट सेटिंग तपासा. प्रत्येक थराला थोडं थोडं आणि नेहमी एकाच दिशेला सरकत असेल, तर ते वेगळं लक्षण आहे. स्टेप पल्सची ध्रुवता उलटी किंवा पल्सचा वेळ अपुरा असला की दिशा बदलताना एकेक स्टेप हरवते. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकाशी ती सेटिंग जुळवा. आणि स्पिंडल चालू झाला की अनियमित उड्या पडत असतील तर स्पिंडलची केबल मोटरच्या केबलपासून दूर न्या, आवरण असलेली केबल वापरा आणि ते आवरण एकाच टोकाला अर्थिंगला जोडा.

## ७. दोन्ही बाजूंचं काम

उलटवताना प्रत्येक चूक दुप्पट होते. शून्य उलटण्याच्या रेषेपासून ०.३ मिमी सरकलेलं असेल तर दोन बाजू ०.६ मिमीनं चुकतात. गँट्रीचा तिरकेपणाही तसाच दुप्पट दिसतो, म्हणून आधी कर्ण नीट करा.

कडेवर विसंबू नका, पिना वापरा. उलटण्याच्या रेषेवरच, नक्षीच्या बाहेर, दोन छिद्रं मशीननंच पाडा, जॉबमधून आरपार आणि स्पॉइलबोर्डमध्ये ८-१० मिमी. छिद्रं रेषेवर असली की उलटल्यावर ती पुन्हा त्याच जागी येतात. एक पिन ६ आणि दुसरी ८ मिमीची ठेवली तर फळी टोकाकडून टोकाकडे चुकीची बसूच शकत नाही. छिद्राचा व्यास आधी टाकाऊ तुकड्यावर ठरवा: पिन हाताच्या दाबानं जायला हवी, हलता कामा नये. छिद्रं पाडल्यापासून दुसरी बाजू संपेपर्यंत एक्स-वायचं शून्य बदलायचं नाही.

## ८. सरकलेला जॉब वाचवायचा असेल तर

क्लॅम्प सोडू नका. जॉब बेडवर आहे तोवर शून्य परत मिळवता येतं, उचलला की फार कठीण.

यासाठी प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला नक्षीबाहेरच्या टाकाऊ भागात दोन खुणा घालून ठेवा: व्ही-बिटची ०.५ मिमी खोल टिंबं, कोऑर्डिनेट माहीत असलेली, एकमेकांपासून शक्य तितकी लांब. शून्य हरवलं की स्पिंडल बंद करून व्ही-बिट पहिल्या टिंबात उतरवा, तिथला माहीत असलेला एक्स-वाय आकडा कंट्रोलरला द्या, मग दुसऱ्या टिंबावर जाऊन बघा. तिथेही टोक बरोबर बसलं तर जॉब हललेला नाही. नाही बसलं तर जॉब फिरलाय, आणि आधी तो दोन टिंबांवरून सरळ करावा लागेल. खुणा नसतील तर आधी कोरलेल्या एखाद्या चौकोनी खळग्याच्या दोन भिंतींना आतून पिन टेकवून मध्य काढता येतो.

फाइल मधून सुरू करताना ज्या ओळीवर थांबली ती निवडू नका, त्याआधीची टूल वर उचललेली ओळ शोधा. मधल्या ओळीपासून सुरू केलेल्या फाइलला सुरुवातीचे कोड मिळत नाहीत. म्हणून आधी जी २१, जी ९०, जी ५४, स्पिंडलचा वेग आणि फीड हातानं द्या, झेड सुरक्षित उंचीवर न्या, स्पिंडल पूर्ण वेगात येऊ द्या आणि मगच त्या ओळीपासून सोडा.